स्वखुशीने

रविवार, २ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देते, आधी हे ऐक. सगळ्यात आधी कोण हजर झालं असेल सांग बघू? शिवणवाली! अगं, स्वतःच्या बहिणीच्या लग्नात जेवणं उरकल्यावर पोचलेली बाई ही. आणि काल तुझे मामा-मामी यायचे म्हणून विमान उतरायच्या कितीतरी आधी, ठेवणीतले कपडे घालून, तोंडाला पावडर फासून दारात उभी. म्हणाली, "म्हटलं लवकर येऊन पुढची खुर्ची धरावी." जसा काही आमच्याकडे सिनेमाच लागलाय. तिच्यामागून औषधवाला आला, दुकानाचं शटर अर्धं ओढून. मग हेडमास्तर, काठी टेकत. ते खुर्चीत टेकले आणि टेकल्या टेकल्या झोपले. जन्मभर वर्गात पोरांना झोपू दिलं नाही, आता ती सगळी झोप एकट्याने घेतायत.

तुझ्या आजोबांचा पलंग मी पुढच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवलाय. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं आपलं चाललेलं, "आत सरका, आत सरका! दारात गर्दी नको!" नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण अंगातला कंडक्टर काही उतरत नाही. औषधवाल्याला विचारलं, "कुठलं?" तोही बेरकी, म्हणाला, "बाजार, एक." यांनी हवेतल्या हवेत तिकीट फाडून दिलं त्याला. मला हाक मारता यावी म्हणून पलंगाला मी एक घंटी बांधून दिलीय. तिचाही भलताच उपयोग. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी हातातलं काम टाकून धावत यावं तर हे खिडकीबाहेर बघत गाडी पुढे काढतायत.

तर सगळे दाराकडे डोळे लावून बसलेले, आणि शिवणवालीच्या फोनवर मामाचा निरोप आला. मला फोनवर काही ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे. (म्हणून तर तुलाही ही पत्रं. अक्षरं मला आजोबांनी बसच्या पाट्यांवरून शिकवली, म्हणून माझं अक्षरही पाटीएवढं. कागद फार लागतो.) शिवणवालीने मोठ्याने वाचलं, "आई, तुमच्याकडच्या विमानात जागा नव्हती, आम्हाला उतरवलं. पुन्हा कळवतो."

आता मला तू सांग. विमान बदलायला ते तुझ्याच शहरात उतरतात, तू त्याच कंपनीच्या गेटवर उभी असतेस. हातात तिकीट असलेल्या माणसाला जागा नाही म्हणजे काय? तुझ्या आजोबांच्या बसमध्ये जितके बसलेले तितकेच उभे असायचे, पायरीवर लोंबकळायचे, पण "गाडी भरली" असं त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नाही. विमानात उभ्याने नाही का येऊ देत? मामाला तासभर उभं राहायला काय धाड भरलीय!

घाई अशासाठी गं, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांच्या डोक्यातून आता माणसं एकेक करून उतरत जाणार. हेडमास्तर उतरले. शिवणवाली कधीची उतरली. मी आहे अजून, आणि तुझा मामा आहे. कपाटावरच्या त्याच्या फोटोकडे बोट करून रोज सांगतात, "माझा पोरगा. येणारय." ते तसं म्हणतात तोवर त्याने एकदा दारात उभं राहावं, एवढंच माझं म्हणणं. मग पुढे काय व्हायचं ते होवो.

मामासाठी आणलेला केक उरला. शिवणवालीने बांधून नेला. येताना हात हलवत, जाताना डबा भरून.

आशीर्वाद. नीट जेवत जा.

तुझी आजी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र वाचून गेटवर एकटीच हसले. लोकांना वाटलं असेल विमान उशिरा आल्याचा आनंद झालाय मला.

उभ्याने नाही येऊ देत गं. पट्टा बांधायला सीट लागतेच. पण हे होतं कसं ते सांगते. प्रत्येक विमानाला काही लोक तिकीट काढूनही येत नाहीत. कुणी आजारी पडतं, कुणी रस्त्यात अडकतं. सीट रिकामी उडाली की कंपनीचं नुकसान, म्हणून कंपनी अंदाजाने चार-पाच तिकिटं जास्तच विकते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. एखाद्या दिवशी मात्र सगळेच्या सगळे येतात. मग आम्ही आधी माइकवर विचारतो, कुणी आपणहून थांबायला तयार आहे का? थांबणाऱ्याला हॉटेल, जेवण आणि पुढच्या विमानात पक्की जागा देतो. कुणीच तयार झालं नाही तर आम्हालाच काही लोकांना खाली ठेवावं लागतं. शेवटी आलेले, स्वस्त तिकिटाचे, असे. ते काम मला मुळीच आवडत नाही.

त्या शनिवारी माझी सुट्टी होती, नाहीतर मी मामाला भेटले असते. मैत्रिणीला विचारलं, तर तिने दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात पक्की जागा दिली होती म्हणे. म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत मामा तुझ्याकडे जेवून ढेकर देत असेल.

मी पण यायचं बघतेय. आम्हाला तिकीट फुकट असतं, पण सीट उरली तरच. आणि तुझ्याकडच्या विमानात हल्ली उरतच नाही.

आजोबांना माझ्यातर्फे दोन टोले.

भिंगरी


बुधवार, १९ फेब्रुवारी

भिंगरे,

कसला मामा नि कसली ढेकर! त्या सकाळच्या विमानातली पक्की जागासुद्धा कुणीतरी पळवली असणार. तुमच्याकडे पक्की म्हणजे किती पक्की ते आता मला कळलं. आंब्याला पक्का म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी नासका.

पण तू काळजी करू नकोस, आम्ही परवाच्या शनिवारी पुन्हा वाट बघितली! मामाने तसं कळवलंच होतं. मी सकाळीच कात्रीने आजोबांचे केस कापले. एका बाजूला जरा जास्त गेले. दुसऱ्या बाजूला तेवढे काढायला गेले तर तिकडे त्याहून जास्त. शेवटी टोपी घातली. त्यात इतके देखणे दिसत होते, तुला काय सांगू. निवृत्तीच्या दिवशी फोटो काढला होता तसे.

या खेपेला हेडमास्तर आले नाहीत. औषधवाल्याने पोरीच्या हाती निरोप पाठवला, "पाहुणे आले की हाक मारा." शिवणवाली आली, पण सगळ्यात शेवटी, आणि साध्याच कपड्यांत. बसल्या बसल्या कुणाचं तरी बटण लावत होती. तिचा फोन वाजला तेव्हा तिने आधी स्वतःशी वाचलं आणि दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "आजी, चहा टाकू का?" तेव्हाच ओळखलं मी. पुन्हा जागा नव्हती.

माझा मुलगा गरीब आहे गं स्वभावाने. भांडता येत नाही त्याला. लहानपणी याच्या हातचं कुणीही हिसकावून न्यावं आणि याने नुसतं बघत राहावं. तुझी आई होती तेव्हा तीच याच्या वतीने मारामाऱ्या करून यायची. आज ती असती तर तुमच्या गेटवर कुणाची प्राज्ञा होती?

इकडची एक गंमत सांगते. काल दुपारी आजोबांना भात भरवत होते. माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणतात, "बाई, तुमचं कुठलं?" मला आधी कळेचना. मग कळलं. मी म्हटलं, "शेवटचा स्टॉप." तर म्हणाले, "मग बसा निवांत." मी हसले की नाही! इतकी वर्षं संसार केला, एवढं प्रेमाने "बसा निवांत" कधी म्हणाले नव्हते.

म्हणजे मीही उतरले बघ. आता गाडीत तुझा मामा एकटाच. फोटोकडे बोट अजून रोज जातं, "माझा पोरगा." तू तिथे आहेस तर जरा बघ ना, नेमकं होतं काय. माझ्याच मुलाला दर खेपेला कसे काय उतरवतात? तुमच्या साहेबांच्या कानावर घाल. म्हणावं, कंडक्टरचा मुलगा आहे.

आजी


सोमवार, २४ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहितेय.

मी बघितलं. खरं तर अशी नोंद उघडून बघायची परवानगी नसते, पण बघितली. त्या दुसऱ्या शनिवारी विमानात दोन माणसं जास्त होती. माझ्या मैत्रिणीने माइकवर विचारलं, कुणी थांबाल का? मामाने हात वर केला. मामाच्या नावापुढे तसंच लिहिलंय, "स्वखुशीने जागा सोडली." खाली त्याची सही आहे. रात्री तो हॉटेलात राहिला, आणि सकाळी तुझ्याकडच्या विमानाऐवजी स्वतःच्या शहराच्या विमानात बसला. पहिल्या खेपेलाही सकाळी तसाच परत गेला होता.

कुणी त्याला उतरवलं नाही, आजी. निदान दुसऱ्यांदा तरी नाही. मी त्याला पत्र लिहिलंय. जरा रागानेच लिहिलंय. फोन तो उचलत नाही.

तुला वाईट वाटेल म्हणून सांगणार नव्हते. पण तू दर शनिवारी आजोबांचे केस कापत बसलीस तर ते बरं का?

भिंगरी


रविवार, २ मार्च

भिंगरे,

अगं वेडाबाई, एवढंच ना! मला वाटलं काय भयंकर लिहितेस. तीन कागद उगाच फाडलेस.

तू शिकलेली आहेस, गेटवर इंग्रजीत बोलतेस, पण "स्वखुशीने" हा शब्द तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. ऐक. माझे वडील गेले त्यानंतरची गोष्ट. भाऊ मला न्यायला आले, भाड्याची मोटार घेऊन. कधी नाही ते! मी हरखले. वाटेत मला थंड पेय पाजलं. मग एका कचेरीत नेलं. तिथे पंख्याखाली एक कारकून बसला होता, त्याच्या कानावर केस होते, केवढे! त्याने भराभर वाचून दाखवलं, "वडिलांच्या घरावरचा आणि जमिनीवरचा माझा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे." थोरल्या भावाचा हात माझ्या खांद्यावर होता. जड हात. वहिनी माझं कोपर धरून उभी होती. मला नुकतीच सही यायला लागली होती, अंगठा नको म्हटलं, सही करते. एवढी झोकात केली! कारकून म्हणाला, "वा, ताई." मोटार परत जाताना मला बस-स्टँडवर सोडून गेली. बाकीच्या वाटेला आजोबांचीच बस होती म्हणून बरं. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ड्रायव्हरच्या मागची जागा दिली.

तेव्हापासून मला पक्कं ठाऊक आहे. माणूस खरंच खुशीने काही देतो ना, तेव्हा ते कुणी लिहून घेत नाही. मी तुला गोधडी शिवून दिली तेव्हा लिहून घेतलं होतंस का? जिथे "स्वखुशीने" लिहिलंय तिथे कुणीतरी खांद्यावर हात ठेवून उभं असतं. तुझ्या मामाच्या खांद्यावर कुणाचा हात होता ते तुझ्या मैत्रिणीला विचार. तुमच्या कंपनीने त्या गरिबाकडून सही घेतली, आणि वर त्याचंच नाव लावलं. माझ्यासारखंच झालं त्याचं. मला तर उलट बरं वाटलं वाचून. म्हटलं, माझ्यावर गेलाय.

आणि तू त्याला रागाने लिहिलंस? पुन्हा लिहू नकोस. तो मनाला लावून घेतो.

आजोबा बरे आहेत. जेवण कमी झालंय. घंटी वाजवतात. काल शिवणवालीची मांजर दारात आली, तिलाही म्हणाले, "आत सरका." तीही आली आणि पलंगाखाली बसली. शिस्तीचा प्रवासी. फोटो मी कपाटावरून काढून त्यांना नीट दिसेल असा समोरच्या भिंतीला लावलाय, कारण हल्ली मान फार वळत नाही. सकाळी उठल्यावर पहिला शब्द तोच असतो, "माझा पोरगा." कधी कधी दिवसभरातला शेवटचाही तोच.

म्हणून जरा घाई कर. मामाला म्हणावं, सही मागितली तर द्यायची नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं.

आजी


रविवार, ९ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, फक्त एक सोडून. मी बापाला विसरलेलो नाही.

पहिल्यांदा आम्हाला खरंच उतरवलं. मी काउंटरवर आवाज चढवला, तुझी मामी मला आवरत होती. मग हॉटेलच्या खोलीत बूट काढून बसलो आणि लक्षात आलं, मला हलकं वाटतंय. परीक्षा पुढे ढकलली की शाळेत वाटायचं तसं. सकाळी पाय तुमच्या गेटकडे वळलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला त्या मुलीचं माइकवरचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता. मामी माझ्याकडे बघतच राहिली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आई लिहिते, ते रोज फोटोकडे बघून "माझा पोरगा" म्हणतात. तो फोटो तुला आठवतो का? नोकरी लागली त्या वर्षीचा. डोक्यावर केस आहेत, मिशी आहे, अंगात त्यांनीच घेऊन दिलेला कोट आहे. आता मी आरशात उभा राहतो तर मलाच तो मुलगा सापडत नाही. त्यांना कुठून सापडेल?

जोवर मी जात नाही तोवर ते मला ओळखतात. मी दारात उभा राहिलो की तेही संपेल. मग मी कुणाचा पोरगा?

हे आईला लिहू नकोस. तिला कंपनीचा राग येतोय, तो येऊ दे.

मामीने बाविसाव्या तारखेची तिकिटं काढलीत. मला न विचारता.

मामा


शनिवार, २२ मार्च

आजी,

मामा-मामी आत्ताच उडाले. मी स्वतः त्यांना दारापर्यंत सोडलं. हे पत्र पोचेपर्यंत तुमच्याकडे सगळं होऊनही गेलं असेल, तरी लिहितेय, कारण कुणाला तरी सांगायला हवं.

आजसुद्धा एक माणूस जास्त होता. गेटवर मीच होते. माइक हातात घेतला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "आपल्यापैकी कुणी स्वखुशीने जागा सोडायला तयार आहे का?" एकच हात वर झाला. कुणाचा ते सोड. मी त्या बाजूला बघितलंच नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तो हात तसाच वर होता आणि मी कागदात डोकं घातलं. मग नियमाप्रमाणे यादीतल्या शेवटच्या माणसाला खाली ठेवलं.

ती एक एकटी बाई होती, तुझ्यापेक्षा थोडी लहान. हातात एक पिशवी. मी तिला समजावलं, उद्या सकाळी पक्की जागा देते, हॉटेल देते. ती भांडली नाही. मला वाटत होतं भांडावं. तिने फक्त विचारलं, "उद्या चालेल का, हे मी कुणाला विचारू?" मी तिला जेवणाचं कुपन दिलं.

नोंदीत तिच्या नावापुढे "स्वखुशीने" लिहिलेलं नाही. तेवढं खरं लिहिलं.

मला कळव, आजोबांनी काय केलं ते. जसं झालं तसं कळव.

भिंगरी


सोमवार, ३१ मार्च

भिंगरे,

आले! शेवटी आले! आणि सगळ्यात आधी कुणी पाहिलं असेल? त्या मांजरीने. ती उठून दाराशी गेली म्हणून मी वर बघितलं, तर मामी आत येतेय आणि तिच्यामागे तुझा मामा, बॅग छातीशी धरून, जसा शाळेच्या पहिल्या दिवशी उभा राहिला होता अगदी तसा. शिवणवालीला बोलावलंच नव्हतं मी या खेपेला. म्हटलं, तिला न बोलावता मामा-मामी येतात का बघू. आले बाई.

मामी गुणाची आहे. आल्या आल्या बाह्या मागे सारून भांड्यांकडे वळली. मामाचं टक्कल चांगलंच पडलंय. तू सांगितलं नाहीस. पण शोभतं त्याला, कपाळ मोठं दिसतं. साहेबासारखं.

तू लिहिलंयस, जसं झालं तसं कळव. कळवते.

आजोबा जागे होते. टोपी मी घातलीच होती. मामा उंबऱ्यात उभा. मी मनात म्हणत होते, आता म्हणतील "आत सरका." सगळ्यांना म्हणतात, मांजरीला म्हणतात. त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. वरपासून खालपर्यंत, बॅगेसकट. आणि म्हणाले, "गाडी भरली. मागच्या गाडीने या."

अगं, जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं!

मी हसतच पुढे झाले. म्हटलं, "अहो, उभ्याने येईल तो. येऊ द्या की." तर पलंगाशेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "ही एकच जागा उरलीय, बाई, आणि ती द्यायची नाही." मग समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि तुझ्या मामाला समजावून सांगितलं. अगदी प्रेमाने हो, रागाने नाही. "तो माझा पोरगा. यायचाय. त्याच्यासाठी धरून ठेवलीय. तुमचं तिकीट असलं तरी मी काय करू, साहेब? नाइलाज आहे."

मामा म्हणाला, "नाही, बरोबर आहे. मी येतो मागच्या गाडीने."

आणि तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले. चहा घेतला त्याने. मी म्हटलं, "सकाळी ओळखतील, सकाळी डोकं ताजं असतं." सकाळी तो शेव्हिंग करून, केस... केस कुठले, चांगला शर्ट घालून गेला. म्हणाला, "बाबा, मीच तो." यांनी घंटी वाजवली. दोन टोले. खुर्चीवर मात्र हात तसाच. त्या खुर्चीत त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. मामाही बसला नाही.

चार दिवसांची रजा होती. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी निघाला, दुपारच्या विमानाने. विमानात जागा होती म्हणे. बघ, येताना एवढा घोळ घालतात आणि जायचं म्हटलं की कशी पटकन मिळते. मामी दारात मागे वळून मला घट्ट धरून रडली. मी तिला म्हटलं, वेडी का तू, आलात हेच खूप.

तू लिहिलंस, एकच हात वर झाला होता, कुणाचा ते सोड. सोडलं.

त्या पिशवीवाल्या बाईचं मात्र डोक्यातून जात नाही. तिच्या जागेवर माझा मुलगा बसून आला ना? तिची वाट बघत कोण बसलं असेल, आणि तिला ओळखणारं तिथे किती दिवस ओळखणार होतं, कुणाला ठाऊक. ती पुन्हा दिसली तर सांग तिला, तिची जागा वाया गेली म्हणून. नको, असं नको सांगूस. सांग, जागेचा उपयोग झाला. पण तू का मनाला लावून घेतेस? तू कागदात डोकं घातलंस ते माझ्यासाठी. मीच सांगितलं होतं घाई कर म्हणून.

आजोबा आता भात घेत नाहीत, नुसतं पातळ चालतं. बोलणंही थोडंच राहिलंय. पण आज सकाळी फोटोकडे बघून म्हणाले, "येणारय." म्हणजे तुझा मामा अजून गाडीतच आहे बघ. त्याने पायरीवर बसून मला हेच विचारलं होतं, "आई, मी गेलो तर ते फोटोला ओळखत राहतील ना?" मी म्हटलं, राहतील. म्हणाला, "मग मी जाऊ?"

मी म्हटलं, जा. स्वखुशीने म्हटलं, भिंगरे.

निघताना दोघांनी पुन्हा यायचा दिवस सांगितलाय. शिवणवालीकडून मी कॅलेंडरवर खूण करून घेतली. एप्रिलचा शेवटचा शनिवार, सव्वीस तारीख.

आजी